उतरलेला ताप

दुर्पताबाईच्या हातांना गावात मान होता, अशी एक वेळ होती. चोरखमाऱ्याच्या तलावाखाली, जिथं कालव्याचं पाणी आधी धानाच्या बांध्यांत शिरतं आणि मग लोकांच्या भांडणांत, त्या गावात कोणाच्या घरी बाळ झालं की निरोप तिच्याकडे यायचा. ती सुईण नव्हती. बाळाला आणि बाळंतिणीला आंघोळ घालायची, एवढंच. पण ते 'एवढंच' ज्यानं त्यानं करून पाहावं. पाय लांब पसरून नडग्यांवर बाळ पालथं घ्यायचं, कोपर बुडवून पाण्याचा अंदाज घ्यायचा आणि एका हातानं पाणी सोडत दुसऱ्या हातानं पाठ चोळत जायचं. पहिल्या तांब्याला बाळ किंचाळायचं, दुसऱ्याला कुरकुरायचं आणि तिसऱ्याला झोपून जायचं. बाया म्हणायच्या, "दुर्पताच्या हाताले गुण हाय." मोठ्या दुखण्यातून उठलेल्या माणसाचं पहिलं पाणीसुद्धा तिच्याच हातचं, कडुलिंबाचा पाला उकळून. बदल्यात सुपभर तांदूळ, एखादा नारळ, फार झालं तर लुगडं.

सहा वर्षं झाली, तिला कोणी बोलावत नाही. समोरच्या घरी नातू झाला तेव्हा त्यांनी दुसऱ्या गावाहून एक बाई आणली. दुर्पताबाई आपल्या दारात विड्यांचं सूप मांडीवर घेऊन बसली होती. बाळाच्या रडण्यावरून तिला कळलं की पाणी जरा जास्तच कढत आहे. उठून सांगावंसं वाटलं, पण ती उठली नाही. नवऱ्याला आंघोळ घालून मारलेल्या बाईनं दुसऱ्याच्या पाण्यात शहाणपण सांगू नये, हे तिला कोणी वेगळं शिकवायची गरज नव्हती.

होय, गावाचं म्हणणं तेच होतं. मारणाऱ्याचा हात धरता येतो, बोलणाऱ्याचं तोंड धरता येत नाही. आणि दुर्पताबाईनं धरायचा प्रयत्नही केला नाही, याचंच गावाला नवल वाटायचं. खरं असल्याशिवाय बाई गप्प बसते होय, असं म्हणून गाव मोकळं झालं.

झालं होतं असं. त्या वर्षी गावात डेंगूची साथ होती. तिचा नवरा मनिराम पडला, आणि त्याच आठवड्यात शेजारचा उदारामही पडला. हाडं मोडल्यासारखं अंग दुखायचं, डोळ्यांच्या मागे ठणका लागायचा. मनिराम चार-पाच दिवस फणफणला आणि एका सकाळी घाम येऊन ताप साफ उतरला. दुर्पताबाईनं देवापुढं दिवा लावला. मनिराम उठून बसला. पोटात जरा दुखतंय म्हणाला, पण उपाशीपोटी ते व्हायचंच.

तेवढ्यात मुलाचा फोन आला. दुर्गेश गोंदियाला एका राइस मिलमध्ये वजनकाट्यावर होता. धान गरभात आलं होतं, कणीस पोटात धरून उभं होतं, आणि कालव्याचं पाणी घ्यायची त्यांच्या बांधीची पाळी नेमकी त्याच दिवशी होती. "ताप उतरला ना बाबा? मंग जा न," दुर्गेश म्हणाला. "आजची पाळी गेली त सारं धान पोचट जाते. मी इथून कसा येऊ?" मनिरामला कमी ऐकू यायचं म्हणून फोनचा आवाज मोठा ठेवलेला. चुलीपाशी बसलेल्या दुर्पताबाईला शब्दन् शब्द ऐकू आला.

आता त्या गावाचा एक रिवाज होता. धान गरभात असलं की दुखणाईत अंगानं बांधीत पाय टाकायचा नाही. बाळंतिणीच्या खोलीत जसं पारोसं कोणी शिरत नाही, तसंच ते. आधी अंग धुवायचं, मग जायचं. म्हणून दुर्पताबाईनं पाला उकळला, नवऱ्याला पाटावर बसवलं आणि हलक्या हातानं आंघोळ घातली. मनिराम म्हणाला, "आता जीव आला वो." फावडं घेतलं आणि गेला.

दुपारी तो बांधीच्या धुऱ्याला, म्हणजे कडेच्या बांधाला, टेकून बसलेला सापडला. हातपाय गार, जिभेला शब्द नाही. लोकांना वाटलं, अशक्तपणा आहे, घरी नेऊन साखरपाणी पाजू. गाडी मिळेपर्यंत दिवस कलला, आणि दवाखान्यात पोचल्यावर तो फार वेळ राहिला नाही.

दवाखान्याच्या व्हरांड्यात दुर्पताबाई हात भिंतीवर आपटून रडत होती. "माह्याच हातानं पाणी घातलं साहेब, माह्याच हातानं." तिथला तरुण डॉक्टर थकलेला होता, तरी थांबला. म्हणाला, "बाई, आंघोळीनं काही झालेलं नाही. या आजारात ताप उतरतो तेव्हाच खरा धोका सुरू होतो. त्या सकाळी त्यांना इथं आणून सलाईन लावायला हवं होतं." आणि तो दुसऱ्या पेशंटकडे गेला. त्याच्या दृष्टीनं ते एक समजुतीचं वाक्य होतं.

दुसऱ्या दिवशी भरल्या अंगणात दुर्गेशनं आईकडे बोट केलं. "तूनंच मारलं माह्या बापाले! ताप उतरून घटका नाही झाली, अन् बकेटभर पाणी ओतलं. ताप उलटला त्याचा." म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. कच्च्या तापावर पाणी पडलं की ताप उलटून आत शिरतो, हे त्यांना आजापणजापासून ठाऊक होतं.

दुर्पताबाईनं तोंड उघडलं. आंघोळीनं नाही रे बाबा, डॉक्टर बोलला आहे, हे वाक्य जिभेवर आलं होतं. आणि तिथंच तिला दिसलं की हे वाक्य पुढं कुठं जातं. आंघोळीनं नाही तर मग कशानं? ज्या सकाळी दवाखान्यात न्यायचं, त्या सकाळी माणूस बांधीत गेला म्हणून. आणि बांधीत जा असं म्हणालं कोण? समोर तिचा एकुलता एक पोरगा छाती पिटून रडत होता. त्याला तो फोन आठवतही नव्हता, कारण त्या फोनमध्ये वावगं असं काही नव्हतंच. ताप उतरला, आता कामाला लाग, एवढंच तो बोलला होता, आणि गावातलं कुठलंही माणूस तेच बोललं असतं.

तिनं उघडलेलं तोंड मिटलं. बाईचं तोंड मिटलेलं राहत नाही म्हणणाऱ्यांनी दुर्पताबाईला पाहायला हवं होतं.

दुर्गेशनं बायको अंजूला आणि दोन वर्षांच्या प्राचीला उचललं आणि गोंदियाला कायमची खोली केली. जाताना प्राची आजीच्या पदराला लोंबकळली होती. तिला जन्मल्यापासून त्याच नडग्यांवर आंघोळीची सवय. दुर्गेशनं तिची मूठ सोडवली. त्यानंतर तो आईशी बोलला नाही.

घर फिरलं की घराचे वासे फिरतात म्हणतात. दुर्पताबाईच्या बाबतीत वासे जागेवर होते, फिरायला माणूसच उरलं नव्हतं. जमीन बटईनं, अर्ध्या वाट्यावर, दिलेली. सकाळी एकदा भात टाकायचा, तोच दोन वेळा खायचा. दिवसभर विड्या वळायच्या; पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायची, दोरा गुंडाळायचा, आणि संध्याकाळी ठेकेदाराच्या माणसानं त्यातल्या काही वाकड्या म्हणून बाजूला काढायच्या. त्या माणसाशी ती भांडायची. तो वाईट होता म्हणून नव्हे. दिवसातलं तेवढंच एक बोलणं, ते लांबलं तर बरं, म्हणून. दिवाळीनंतर गावची मंडई, म्हणजे जत्रा, भरते, तेव्हा घरोघरची पोरं-सुना येतात, रात्री दंडारीचं नाटक रंगतं. दरवर्षी त्या दिवशी ती चौघांचा स्वयंपाक करायची आणि दुसऱ्या दिवशी तोच शिळा एकटीनं संपवायची. हे तिला कोणी करायला सांगितलं नव्हतं, आणि करू नको म्हणणारंही कोणी नव्हतं.

एक कोडं मात्र तिच्या डोक्यातून जात नसे. उदारामलाही तोच ताप आला होता. त्याच्याही बायकोनं ताप उतरताच पाणी घातलं होतं, तोही दोन दिवसांत बांधीत उतरला होता. आणि उदाराम आजही धडधाकट, रोज सकाळी तिच्या कुंपणाशी उभा राहून मोठ्यानं खाकरतो. एकाच जात्यात दोन दाणे पडले; एकाचं पीठ झालं आणि एक तसाच बाहेर आला. असं काऊन, हे ती देवाला विचारायची. देव काही ठेकेदाराचा माणूस नव्हता, तो भांडायलाही यायचा नाही.

अंजू मात्र अधूनमधून चोरून फोन करायची. सासूवर तिचा विश्वास होता असं नाही, पण दया होती, आणि दया ही काही टाकाऊ वस्तू नव्हे. परवा परवा तिचा फोन आला तो प्राचीला डेंगू झाल्याचा. डॉक्टरला दाखवलं, गोळ्या दिल्या, पाणी भरपूर पाजा म्हणाले. दुर्पताबाईनं त्या दिवशी विड्यांना हात लावला नाही. मग एका सकाळी पुन्हा फोन वाजला आणि अंजू हसऱ्या आवाजात म्हणाली, "आई, उतरला ताप! सकाळपासून अंग थंड हाय. आता काही चिंता नाही."

दुर्पताबाईच्या हातातलं सूप खाली आलं.

"उठून बसली काय? खेळते काय?"

"नाही, पडूनच हाय. दोनदा उलटी झाली. पोट दुखते म्हणते. ताप लय होता न आई, अशक्तपणा येणारच."

"तिले दवाखान्यात ने. आत्ताच ने."

"हे म्हणतात, ताप उतरल्यावर कायले नेवाचं?"

"दे त्याले फोन."

पलीकडे कुजबुज झाली. मग अंजूचाच आवाज आला, बारीक झालेला. "नाही घेत म्हणतात, आई."

दुर्पताबाई उठली. उदारामनं आपल्या मोटारसायकलवर तिला रस्त्यापर्यंत सोडलं. तिथून काळीपिवळी जीपनं तिरोडा, तिरोड्याहून गोंदियाची बस. खिडकीतून दोन्ही बाजूंनी धान दिसत होतं, गरभात आलेलं, अगदी त्या वर्षीसारखं. बसमध्ये तिच्या मनात एकच घोळ चालला होता. नुसतं दवाखान्यात ने म्हटलं तर दुर्गेश ऐकणार नाही. त्याला कारण लागेल. आणि कारण एकच आहे, जे तिनं सहा वर्षं पोटात घालून ठेवलं. ते बाहेर काढलं तर नात वाचेल. पण मग पोराला कळेल की बाप कशानं गेला. नातीचा जीव की पोराचं मन, असा तो सौदा होता. देवानं माणसाला असल्या बसमध्ये बसवू नये.

गोंदियाच्या त्या खोलीत शेजारची नीतू बसली होती. तिनं दुर्पताबाईला पाहताच सांगून टाकलं, "अम्मा, बुखार तो उतर गया. अब पपीते के पत्ते का रस पिलाओ, बस." प्राची खाटेवर होती. डोळे उघडे, पण बघणं कुठंच नाही. सारखी कूस बदलत होती. "आजी, पोटात दुखते," ती म्हणाली. दुर्पताबाईनं तिच्या पायाकडे हात नेला. पाय माठासारखा गार होता.

"हात नको लावू तिले." दुर्गेश उठून मध्ये उभा राहिला. सहा वर्षांनी आईशी बोललेलं पहिलं वाक्य. "कायले आली तू?"

"दवाखान्यात ने बाबा तिले."

"ताप उतरला तिचा. आता तिच्या अंगावर कोणी पाणी नाही ओतलं म्हणजे झालं."

नीतू उठून गेली. अंजू भिंतीकडे बघत राहिली. दुर्पताबाई दारातच उभी होती. तिला कोणी आत ये म्हटलं नव्हतं. तिनं एकदा पोराच्या तोंडाकडे पाहिलं. बापाचंच कपाळ होतं त्याचं. मग तिनं नजर खाली घातली आणि बोलून टाकलं.

"तुह्या बापाचाबी ताप उतरलाच होता. पाण्यानं नाही गेला तो. डाक्टर बोल्ला होता मले, दवाखान्यात. हा रोग ताप उतरते तवाच माणसाले धरते. हातपाय गार पडते, पोट दुखते. त्या सकाळी त्याले सलाईन लावाचं होतं, बांधीत जाऊ देवाचं नव्हतं. आता माह्यावर मंग कितीबी चिड. पोरीले उचल."

दुर्गेशनं काही ऐकलं, काही ऐकलं नाही. पण 'हातपाय गार' त्यानं ऐकलं. त्यानं प्राचीचा तळवा हातात घेतला, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा राग कुठल्या कुठे गेला. चपला न घालता पोरीला उचलून तो ऑटोकडे धावला.

सरकारी दवाखान्यात डॉ. प्रेरणा नावाच्या डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी नाडी धरली आणि पुढचं सगळं धावपळीत झालं. सलाईन, रक्ताची तपासणी, थोड्या थोड्या वेळानं नाडी. दुर्गेश पुन्हा पुन्हा प्लेटलेट किती, प्लेटलेट किती विचारत होता. "नुसत्या प्लेटलेटचं घेऊन बसू नका," त्या म्हणाल्या. "तिचं रक्त घट्ट झालंय. त्यातलं पाणी बाहेर झिरपतंय. ते सांभाळून भरून काढायचंय. कमी पडून चालत नाही आणि जास्त होऊनही नाही. वेळेवर आणलंत."

पोरगी धोक्यातून बाहेर येईपर्यंत दुर्पताबाई वॉर्डाच्या भिंतीशी बसून राहिली. पण एक गंमत अंजूच्या लक्षात आली. डॉक्टरीणबाई फेरीला आल्या, की म्हातारीला हटकून काहीतरी हवं असायचं. कधी नारळपाणी, कधी चहा, कधी पान. आणि ते आणायला दुर्गेशच लागायचा. सहा वर्षं ज्या बाईनं पोराकडे पोस्टकार्डाएवढंही काही मागितलं नाही, ती आता घडीघडीला त्याला बाहेर पिटाळत होती. तो मुकाट्यानं जायचा. डॉक्टर आणि पोरगा समोरासमोर येऊ नयेत, एवढाच तिचा डाव होता. नात वाचली होती. आता जमलं तर पोरगाही वाचवायचा होता.

डाव फसायचा तो फसलाच. प्राचीनं चिप्स मागितले त्या सकाळी सगळे हसत असताना दुर्गेशनं डॉक्टरीणबाईंना विचारलं, "मॅडम, ताप उतरल्यावर असं कसं होते? रोग त कमी झाला असंन न?"

त्या खाटेच्या कडेला टेकल्या. "विषाणू कमी होतोच. पण तो अंगात शिरला की आपल्याच पेशी एकमेकींना निरोप पाठवतात, धावा, शत्रू आलाय म्हणून. ते निरोप नेणारे बारीक पदार्थ असतात, सायटोकाइन म्हणतात त्यांना. बहुतेकांच्या अंगात निरोप जातो, काम होतं, निरोप थांबतो. काहींच्या अंगात तो थांबतच नाही. नुसता गलका होतो. त्या गलक्यानं रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल पडतात आणि रक्तातलं पाणी पाझरायला लागतं. विषाणूपेक्षा तो गलकाच जास्त नुकसान करतो."

"तलाव फुटल्यासारखं," दुर्पताबाईच्या तोंडून निघून गेलं. सगळे तिच्याकडे बघायला लागले तशी ती संकोचली. "आमच्या गावात एका वर्सी कोणीतरी वरडलं, तलावाची पार फुटली म्हणून. सारं गाव ढोरं-वासरं घेऊन बांध्या-बांध्यांतून पळालं. पार काही फुटली नव्हती. पण पळणाऱ्याईनंच सारे धुरे तुडवले, अन् बांध्याईतलं पाणी गेलं."

"अगदी तसंच, आजी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मंग कोणाले होते अन् कोणाले नाही, असं काऊन? आमच्या शेजारचा उदाराम…"

"ज्याच्या अंगात हे निरोप जास्त उधळतात, त्याचा आजार जास्त गंभीर होतो, एवढं दिसून आलंय. दुसऱ्यांदा डेंगू झाला तर धोका वाढतो. पण कोणाच्या अंगात गलका होणार, हे आधी ओळखता येईल का, याचा अजून शोध चालू आहे. आपल्या हातात एकच आहे, ताप उतरला की जास्त लक्ष ठेवायचं."

दुर्पताबाईचं कोडं बरंचसं सुटलं होतं. पण तिला ते सुटल्याचा आनंद घ्यायला फुरसत नव्हती, कारण दुर्गेशचं बोलणं संपलं नव्हतं. तो सावकाश विचारत होता, एकेक शब्द जमिनीवर ठेवल्यासारखा.

"अन् त्या दिवशी कोणी आंघोळ घातली तर?"

"कोमट पाण्याची? त्यानं काही होत नाही."

"अन् त्याच दिवशी… माणूस उन्हात बांधीत गेला तर? फावडं घेऊन?"

"पाणी लय गार होतं बाई त्या दिवशी," दुर्पताबाई मध्येच बोलली. तिचा आवाज चढला. "पाला बी कमी पडला होता. मीच घाई केली. माह्याच हातानं झालं ते."

डॉक्टरीणबाईंना या घरातलं काही माहीत नव्हतं. त्यांनी म्हातारीच्या खांद्यावर हात ठेवला. "नाही हो आजी. असा दोष लावून घेऊ नका. आंघोळीनं कोणी जात नाही." मग त्या दुर्गेशकडे वळल्या. "अशा वेळी काम केलं तर हाल वाढतात. आणि दवाखान्यात यायची वेळ निघून जाते, ते सगळ्यात वाईट. आले असते तर वाचलेच असते असं कोणी सांगू शकत नाही. पण संधी होती."

दुर्गेशनं मान हलवली. यावेळी त्याला कोणी नारळपाणी सांगितलं नाही, तरी तो उठून बाहेर गेला.

प्राची घरी आली त्या दिवशी दुर्पताबाईनं आपली पिशवी बांधून दारापाशी ठेवली होती. दुर्गेश दवाखान्यात तिच्याशी काही बोलला नव्हता, आणि न बोलावता आलेल्या माणसानं जायची वेळ ओळखावी. प्राची मात्र कटकट करत होती. केस चिकट झाले, अंगाला दवाखान्याचा वास येतो, आंघोळ पाहिजे. अंजूनं पाणी तापवलं. बादली उचलायला ती वाकली, तर दुर्गेशनं तिच्या हातून ती घेतली. न्हाणीपाशी न नेता त्यानं ती आईच्या पुढ्यात आणून ठेवली.

"तू घाल," तो म्हणाला. तिच्याकडे न बघता तसाच बाहेर जाऊन पायरीवर बसला.

दुर्पताबाईनं पदर खोचला. कोपर बुडवून पाहिलं. सहा वर्षांत हात काही विसरले नव्हते. आठ वर्षांची पोरगी नडग्यांवर मावणार नव्हती, म्हणून तिला पाटावर बसवलं. पहिल्या तांब्याला प्राची हसली, दुसऱ्याला साबण डोळ्यांत गेला म्हणून ओरडली, आणि मग डोळे मिटून आजीच्या हातात डोकं सैल सोडून बसली. तेव्हा मात्र म्हातारीला रडू आवरेना. पाण्याचा आवाज होता म्हणून बरं.

पिशवी घेऊन ती बाहेर आली. दुर्गेश तिथंच होता, रस्त्याकडे तोंड करून.

"तुले माहीत होतं," तो म्हणाला. "माह्या फोनचं."

"मी चुलीपाशी होती. मले काय ऐकू येते?"

"माय."

तिनं पिशवी खाली ठेवली.

"सहा वर्सं, माय. भरल्या अंगणात बोल्लो मी तुले. एकदा तरी सांगावं न."

"एक त गेलाच होता," दुर्पताबाई म्हणाली. "दुसऱ्याले कायले मारू?"

दुर्गेशनं गुडघ्यांत डोकं घातलं. तिनं त्याच्या केसांवर हात ठेवला. तो हलला नाही, पण हात दूरही केला नाही. बसची वेळ झाली तशी अंजूनंच तिला ऑटोत बसवलं. राहा म्हणायला पोराच्या तोंडात शब्द नव्हते, आणि ती समोर असेपर्यंत ते येणारही नाहीत, हे आईला कळत होतं. ती समोर असली की त्याला रोज तो फोन ऐकू येणार होता.

गावी दिवे लागायच्या वेळेला ती पोचली. कुलूप काढलं, चूल पेटवली, भात टाकला. उदाराम कुंपणाशी येऊन पोरीचं विचारून गेला. घर होतं तसंच होतं, आणि तरी तिला ते जास्त रिकामं वाटलं. इतकी वर्षं तिच्याजवळ एक गोष्ट होती, तिच्याशी ती बोलायची, भांडायची, तिला झोपवायची. ती गोष्ट ती गोंदियाला सोडून आली होती. आता तिथं खोलीत बायको-पोरीच्या मध्ये बसून तिचा पोरगा तिच्याइतकाच एकटा झाला असणार. एकटेपणाचा तो रस्ता तिला पाठ होता. त्यावर पहिली संध्याकाळ कशी जाते तेही ठाऊक होतं. माणूस जेवत नाही.

तिनं फोन घेतला. सहा वर्षांत स्वतःहून कधी न लावलेला नंबर लावला. बराच वेळ वाजला. मग उचलला गेला.

"जेवला काय रे?" तिनं विचारलं.

तिनं भाताचं झाकण उचलून पाहिलं, परत ठेवलं. तिला थांबायची सवय होती.

"नाही," दुर्गेश म्हणाला.

"मीबी नाही जेवली. भात होऊन रायला माह्या इथं. तू बी ताट घे," ती म्हणाली. "फोन नको ठेवू."